साडूचं बिल: मंडळीचा पैसा कुठून जातो आणि तो शोधतात कसा

मागच्या महिन्यात रविवारी दुपारी, जेवण झालं होतं आणि मी आडवा व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात समोरच्या ब्लॉकमधल्या मावशी आल्या. हातात त्यांच्या चर्चच्या वार्षिक अहवालाची झेरॉक्स, तीही अशी की डावीकडची अक्षरं अर्धी कापली गेलेली. मावशी मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या, लग्न होऊन बडोद्याला आल्या त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, एक रविवार उपासना चुकवायच्या नाहीत, पेन्शन आली की आधी दशमांश बाजूला काढायच्या आणि मग दूधवाल्याचे पैसे. मी रावपुऱ्यात एका छोट्या सीएच्या ऑफिसात ट्रस्टांच्या ऑडिटचं काम बघतो, देवळं, ज्ञाती मंडळं, शाळा, एखाद-दोन चर्च, सगळं, त्यामुळे बिल्डिंगमधले लोक असले कागद घेऊन माझ्याकडेच येतात.

"अरे बघ ना, मला एवढंच सांग, यात काही काळंबेरं आहे का?"

एका ओळीवर त्यांनी पेन्सिलने खूण केली होती. हॉल दुरुस्ती व वॉटरप्रूफिंग, ३,८०,०००. आणि मावशींचं म्हणणं असं की या पावसाळ्यातसुद्धा हॉलमध्ये तिसऱ्या पंख्याखाली बादली ठेवावी लागली, आणि काम ज्याला दिलं तो पाळकसाहेबांचा, म्हणजे त्यांच्या चर्चच्या धर्मगुरूंचा, साडू आहे. हे कसं कळलं विचारलं तर म्हणाल्या, "त्याच्या मुलीच्या लग्नात जेवून आलेय मी."

मी म्हणालो, मावशी, या कागदावरून मला काहीच सांगता येणार नाही. त्यांना वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो. वार्षिक अहवालातला जमाखर्च म्हणजे घराच्या बाहेरून काढलेला फोटो, आत कोण राहतं ते त्यात दिसत नाही. मग त्यांना जे दोन तास बसून समजावलं तेच इथे लिहितोय, कारण हाच प्रश्न मला दरवर्षी चार-पाच जण तरी विचारतात, चर्चचे कमी आणि देवळांचे जास्त.

सगळ्यात आधी डोक्यातून एक चित्र काढून टाका, की पाळक किंवा बिशप रात्री दानपेटी फोडून खिसे भरतो. मावशींनी लगेच यहूदाचं नाव काढलं, येशूच्या शिष्यांच्या पैशांची डबी त्याच्याकडे असायची आणि तो त्यातून चोरायचा असं शुभवर्तमानात आहे. बरोबर आहे, पण तेव्हा मंडळी, म्हणजे चर्चच्या लोकांचा समुदाय, तेरा जणांची होती. आता अर्पणाचे पैसे दोघं-तिघं मिळून मोजतात, रजिस्टरला लिहितात, सोमवारी बँकेत भरतात, तिथे गेला तर पाच-दहा हजारांचा घोळ होतो आणि तोही लवकर सापडतो. मोठा पैसा बँकेत जमा झाल्यावर बाहेर जातो, चेकने, सही-शिक्क्यानिशी, ठराव करून. म्हणून तर तो पकडणं अवघड. चोरीसारखं त्यात काही दिसतच नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण सिंगापूरचं आहे, जरा वेळ घेऊन सांगतो कारण यात सगळे प्रकार एकाच जागी बघायला मिळतात. सिटी हार्वेस्ट चर्च, कोंग ही नावाच्या पास्टरने, म्हणजे पाळकाने, १९८९ मध्ये सुरू केलेलं, हजारो सभासद. २००२ मध्ये चर्चने ठरवलं की पास्टरची बायको, जिचं नाव सन हो, ती पॉप गाणी गाईल आणि त्यातून चर्चमध्ये न येणाऱ्या तरुणांपर्यंत सुवार्ता पोचवायची. कल्पना चांगली की वाईट तो त्यांचा प्रश्न. पण २००३ च्या सुरुवातीला एका सभासदाने उघड विचारलं की बाईंच्या गाण्यांना चर्चचा पैसा लागतोय का, आणि थोड्याच दिवसांत त्याच माणसाला जाहीर माफी मागावी लागली. म्हणजे बघा, प्रश्न बरोबर होता आणि माफीही त्यानेच मागितली. त्यानंतर काय झालं, तर गाण्याचा सगळा कारभार एक्सट्रॉन नावाच्या वेगळ्या कंपनीकडे गेला, कागदावर चर्चपासून स्वतंत्र, पण संचालक चर्चचेच लोक आणि खरे निर्णय पास्टर आणि त्याची जवळची माणसं घेणार.

आता चर्चकडे इमारत निधी होता. लोकांनी चर्चची जागा घ्यायची, बांधायची म्हणून दिलेला पैसा. या निधीतून त्या एक्सट्रॉनचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, घेतले, मग एका सभासदाच्या इंडोनेशियातल्या फिर्ना नावाच्या काचसामान बनवणाऱ्या कंपनीचे बाँड घेतले, मिळून साधारण २ कोटी ४० लाख सिंगापूर डॉलर. चोपड्यात लिहिलं 'गुंतवणूक'. खरं म्हणजे तो पैसा अमेरिकेत अल्बम काढायला चालला होता आणि परत कधी कसा येणार ते आपल्याच माणसांनी आपसात ठरवायचं होतं, म्हणून कोर्ट त्याला खोटी गुंतवणूक म्हणालं.

मग ऑडिटर प्रश्न विचारायला लागले, हे बाँड कसले, वसूल कधी होणार. आता हे नीट वाचा कारण हे आपल्याकडेही चालतं. समजा आपल्या ज्ञाती मंडळाने हॉलच्या निधीतून सेक्रेटरीच्या भाच्याच्या फर्मला दहा लाख उसने दिले. मार्च आला, ऑडिटर म्हणतो उसने परत कुठे आहेत. तर मंडळ काय करतं, त्याच भाच्याला दहा लाख देतं, 'पुढच्या पाच वर्षांचं गोडाऊन भाडं ॲडव्हान्स' म्हणून, आणि भाचा दुसऱ्या दिवशी तेच दहा लाख मंडळाला 'उसने परत' म्हणून भरतो. चोपड्यात उसनवारी शून्य, सगळं स्वच्छ, आणि मंडळाचे दहा लाख अजून भाच्याकडेच, फक्त त्याला आता भाडं म्हणायचं. सिंगापूरला हेच केलं, आगाऊ भाडं वगैरे नावांनी २ कोटी ६० लाख सिंगापूर डॉलरच्या आसपास रक्कम गोल फिरवली. चर्चचाच पैसा चर्चला परत दिल्याचं नाटक.

२०१० मध्ये पोलिसांनी कागद आणि कॉम्प्युटर उचलले, २०१२ मध्ये आरोप ठेवले, खटला सुमारे १४० दिवस चालला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये पास्टर धरून सहा जण दोषी ठरले. पास्टरला आधी ८ वर्षं, मग २०१७ मध्ये अपिलात ती साडेतीनवर आली. शिक्षा कमी झाली तो मुद्दा आपल्याला ओळखीचा वाटेल, कारण सिंगापूरचा दंड कायदा आपल्याच जुन्या इंडियन पीनल कोडवरून घेतलाय, कलमाचा नंबरसुद्धा तोच, ४०९. विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार, आणि तो बँकर, एजंट वगैरेने केला तर जास्त शिक्षा. अपिलात म्हटलं गेलं की चर्चचे पदाधिकारी त्या अर्थाने 'एजंट' होत नाहीत, म्हणून साधं, कमी शिक्षेचं कलम लावलं. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आलंय.

मावशींना सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. त्या सहा जणांनी हा पैसा घरी नेला नव्हता, स्वतःसाठी बंगले घेतले असं सिद्ध झालं नाही, आणि बाँडची रक्कम कागदोपत्री चर्चकडे परतही आली होती. "मग गुन्हा कसला?" गुन्हा असा की इमारतीसाठी दिलेला पैसा गाण्यासाठी वापरला आणि ते देणाऱ्यांपासून, ऑडिटरपासून लपवलं. मी मावशींना म्हणालो, तुम्ही नातवाच्या फीसाठी मला पन्नास हजार दिले आणि मी त्यातून तुमच्याच घराला रंग लावून दिला, रंग चांगला लावला, तरी नातवाची फी राहिलीच ना? मावशी म्हणाल्या, "तुला रंग लावायला सांगितलं कोणी!" बस, कायद्याचं म्हणणं एवढंच आहे.

दुसरी गोष्ट नात्यागोत्याची, म्हणजे साडूची. नातेवाइकाला काम देणं हा आपोआप गुन्हा होत नाही, उगाच कोणाला चोर म्हणू नका. छोट्या मंडळीत तर होतंच असं, साडू स्वस्तात करून देतो, रात्री-बेरात्री येतो. प्रश्न तीन असतात: ठराव करताना नातं सांगितलं का, ज्याचं नातं आहे तो त्या ठरावाच्या वेळी बाजूला बसला का, आणि भाव बाहेरच्या भावाशी ताडून बघितला का. सोलमधलं योइदो फुल गॉस्पेल चर्च, जगातल्या सगळ्यात मोठ्या मंडळ्यांपैकी एक, तिथे नेमकं इथेच घसरलं. संस्थापक डेव्हिड योंगी चो यांच्या मुलाकडचे एका कंपनीचे शेअर चर्चने २००२ मध्ये बाजारभावाच्या कितीतरी पट जास्त भावाने घेतले, चर्चला साधारण १३ अब्ज वॉनचा खड्डा. २०१४ मध्ये खालच्या कोर्टात बाप-लेक दोघंही दोषी ठरले, मुलाला तुरुंग, वडिलांना स्थगित शिक्षा आणि दंड. तक्रार बाहेरच्या कोणी नव्हती केली, चर्चच्याच वडिलांनी केली होती. वडील म्हणजे इथे बाबा नव्हेत, मंडळीत कारभार बघायला निवडलेल्या मोठ्या माणसांना वडील म्हणतात. माझा अनुभव हाच आहे, अशी प्रकरणं आतल्याच माणसामुळे बाहेर येतात, आणि बहुतेक वेळा तो माणूस सगळ्यात श्रद्धाळू असतो, कारण त्यालाच सगळ्यात जास्त लागतं.

आता गुणाकार. ऑडिटवाले काही जादू करत नाहीत, अर्धं काम गुणाकार-भागाकाराचं असतं. अमेरिकेत जिम बेकर नावाचा टीव्हीवरचा धर्मप्रचारक होता, त्याने साउथ कॅरोलिनात ख्रिस्ती कुटुंबांसाठी मोठं रिसॉर्ट काढलं आणि ऐंशीच्या दशकात योजना आणली की १००० डॉलर द्या, आयुष्यभर दर वर्षी तीन रात्री फुकट राहा. हॉटेलात खोल्या सुमारे ५००. लोकांना सांगितलं होतं २५,००० च मेंबर घेणार, कोर्टात निघालं की त्या एका हॉटेलसाठी ६६,६८३ जणांकडून पैसे घेतलेत. आता मोबाइल काढा. ५०० खोल्या गुणिले ३६५ रात्री, भागिले ३. उत्तर येतं साठ हजार आठशेच्या आसपास. म्हणजे वर्षातली एकेक रात्र, एकेक खोली फक्त या मेंबरांनाच दिली, बाकी एक गिऱ्हाईक घेतलं नाही, तरी जवळजवळ सहा हजार कुटुंबं बाहेर उभी! हे कळायला छापा नको, वकील नको, पाचवीचं गणित पुरतं. शार्लट ऑब्झर्व्हर हे तिथलं वर्तमानपत्र या माणसाच्या मागे वर्षानुवर्षं लागलं होतं, त्या कामासाठी त्यांना १९८८ चं पुलित्झर हे पत्रकारितेचं मोठं बक्षीस मिळालं, आणि १९८९ मध्ये बेकर २४ आरोपांत दोषी ठरला, शिक्षा ४५ वर्षं, पुढे खूप कमी झाली.

हा गुणाकार कुठेही करता येतो. शाळेत मुलं किती आणि फी किती, अनाथाश्रमात मुलं किती आणि तांदूळ किती किलो, हॉल वर्षात किती लग्नांना दिला आणि भाड्याची जमा किती. एका ट्रस्टच्या हॉलचं भाडं मी असंच पकडलं होतं, रजिस्टरमध्ये लग्नं एकोणीस आणि वॉचमनच्या ओव्हरटाइमच्या रात्री एकतीस.

कधीकधी मात्र गणित-बिणित काही लागत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चेसच्या एका मोठ्या संघटनेचे, अध्यक्ष हेन्री लायन्स परदेशात होते, १९९७ चा जुलै, त्यांच्या बायकोला त्यांच्या ब्रीफकेसमध्ये एका घराचं खत सापडलं, ७ लाख डॉलरचं पाण्याकाठचं घर, आणि खतावर नवऱ्याच्या नावाशेजारी दुसऱ्याच बाईचं नाव. बायको तिथे गेली आणि तिने त्या घरात आग लावली. मग पोलीस आले, मग सेंट पीटर्सबर्ग टाइम्सचे पत्रकार आले आणि विचारायला लागले की साहेबांच्या पगारात हे घर बसतं कसं. तिथून निघालं की कन्व्हेन्शनच्या नावाने एक खातं आहे ज्यावर साहेबांचाच ताबा, कंपन्यांना सभासदांच्या फुगवलेल्या आकड्यांवर करार विकलेत, आणि कृष्णवर्णीयांच्या जाळलेल्या चर्चेसच्या दुरुस्तीसाठी एका ज्यू संघटनेने दिलेल्या जवळजवळ अडीच लाख डॉलरमधलेही बरेच तिकडेच गेलेत. १९९९ मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. भांडण घरातलं होतं पण धागा तोच, मालमत्तेचा कागद कोणाच्या नावावर आणि पैसा कुठल्या खात्यातून.

व्हॅटिकनचं लंडनच्या इमारतीचं प्रकरण फार मोठं आहे, त्यातला एकच तुकडा सांगतो. चेल्सीतली स्लोन अव्हेन्यूची जुनी गोदामाची इमारत, व्हॅटिकनने त्यात जवळजवळ ३५ कोटी युरो घातले. मधल्या एका टप्प्यावर इमारत ताब्यात घेण्यासाठी करार झाला, व्हॅटिकनला कंपनीचे ३०,००० शेअर मिळाले आणि दलालाने स्वतःकडे फक्त १,००० ठेवले. वाटलं आपण मालक. पण मतदानाचा हक्क त्या १,००० शेअरनाच होता! शेवटी त्याला दीड कोटी युरो देऊन ते १,००० सोडवावे लागले. आणि गाडी अडली कुठे, तर त्यांच्याच बँकेत, १५ कोटी युरोचं कर्ज मागितल्यावर बँकेच्या मुख्य अधिकाऱ्याला शंका आली आणि त्याने वर कळवलं. डिसेंबर २०२३ मध्ये कार्डिनल बेच्चू यांच्यासह बऱ्याच जणांना तिथल्या न्यायालयाने शिक्षा सुनावली, बेच्चू स्वतःला निर्दोषच म्हणतात आणि त्यांनी अपील केलं.

"ते सगळं बाहेरचं झालं," मावशी म्हणाल्या, "आपल्याकडे कोण बघतं?"

आपल्याकडेही बघतात. आमची आत्या इंदूरला असते, तिकडे मध्य प्रदेशात सप्टेंबर २०२२ मध्ये जबलपूरच्या बिशपांच्या घरी आर्थिक गुन्हे शाखेने छापा घातला होता, १ कोटी ६५ लाख रोख आणि १८ हजारांवर डॉलर मिळाल्याचं तेव्हा सगळ्या पेपरात होतं, आत्याने फोन करून वाचून दाखवलं होतं मला. आरोप असा की शाळांच्या फीचा पैसा धार्मिक संस्थांकडे आणि खासगी कामांकडे वळवला. पण छापा म्हणजे निकाल नव्हे. मी फक्त रस्ता दाखवतोय: तिथेही मूळ प्रश्न तोच आहे, फी कशासाठी घेतली आणि गेली कुठे.

आणि आपल्या बडोद्यापुरतं सांगायचं तर कायदा आपल्याकडे जुना आणि बरा आहे. १९५० चा मुंबईचा सार्वजनिक ट्रस्ट कायदा, १९६० मध्ये महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तरी दोघांनी तो ठेवला, इकडे आता त्याला गुजरात पब्लिक ट्रस्ट्स ॲक्ट म्हणतात. चॅरिटी कमिशनरकडे ट्रस्टची नोंद असते, तिला आम्ही पीटीआर म्हणतो, त्यात ट्रस्टी कोण, मिळकत कुठली ते लिहिलेलं असतं, नक्कल मागता येते. मी कुठल्याही नव्या फाइलला हात लावला की आधी पीटीआर काढतो, कारण निम्म्या वेळा त्यात मेलेल्या माणसांची नावं ट्रस्टी म्हणून असतात आणि चेकवर सह्या भलत्यांच्याच! कलम ३५ सांगतं ट्रस्टचा पैसा कशात गुंतवायचा, सरकारी रोखे, ठरलेल्या बँका वगैरे, म्हणजे सिंगापूरसारखे ओळखीच्या कंपनीचे बाँड इथे दारातच अडकायला हवेत. कलम ३६, ट्रस्टची जमीन विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची तर आधी कमिशनरची परवानगी पाहिजे. जुन्या मिशनच्या जमिनी गावाच्या मध्यावर असतात, पूर्वी तिथे माळरान होतं, आता एकेक वार सोन्याचा, त्यामुळे चर्चच्या बाबतीत खरा डोळा ठेवायचा तो जमिनीवर. दस्तावेजातली किंमत जंत्रीला, म्हणजे सरकारी दराला, चिकटून असेल आणि शेजारचा प्लॉट त्याच वर्षी तिप्पट भावाने गेला असेल, तर मधला फरक कुठेतरी गेलाय, रोखीत.

एक निकाल तर आपल्या गुजरातचाच आहे. फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरन, १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झालं असं म्हणून मालमत्ताही तिकडे गेली असं धरलं होतं. भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये कोर्ट म्हणालं, नुसता ठराव करून सोसायटी संपत नाही आणि ट्रस्टची मिळकत हलत नाही, कायद्यात लिहिलेली पद्धत पाळा. त्यात चोरीचा काही विषय नव्हता, पण चर्चची मालमत्ता या कायद्याबाहेर नाही हे त्यातून एकदाचं स्पष्ट झालं. बाकी इन्कम टॅक्सवाले बघतात की ट्रस्टी किंवा त्याच्या घरच्यांना फायदा पोचला का, पोचला तर करमाफी धोक्यात. परदेशातून पैसा येत असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, २०२० पासून तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच उतरायचा, ऑफिस-खर्चाला २० टक्क्यांपेक्षा जास्त वापरायचा नाही आणि दुसऱ्या संस्थेला पुढे ढकलायचा नाही.

"पण ऑडिट झालंय ना, खाली सही आहे बघ," मावशी. हो, आणि इथे मला आमच्याच धंद्याविषयी थोडं बोलावं लागेल. ऑडिटरची सही म्हणजे कागद आणि आकडे जुळतात. बिल तीन लाख ऐंशीचं, चेक तीन लाख ऐंशीचा, बँकेत तीन लाख ऐंशी वजा, टिक. बादली ऑडिटरला दिसत नाही. साडू आहे हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आडनाव वेगळं असतं ना. तपास करणारा वेगळं काय करतो, तर तो कागदांना तारखेप्रमाणे रांगेत लावतो. ठराव कधी, कोटेशन कधी, बिल कधी, चेक कधी, आणि चेक वटल्यावर पुढच्या आठ दिवसांत त्या खात्यातून पैसा पुढे कुठे गेला. शेवटचं पोलीस किंवा कर खातंच बघू शकतं, बँक तुम्हाआम्हाला सांगणार नाही. पण पहिल्या चार तारखा सभासदाला बघता येतात, फाइल मागितली तर.

मावशींना मागायची लाज वाटत होती. पाळकसाहेबांनीच त्यांच्या मिस्टरांचा अंत्यविधी केला होता, तीन रात्री घरी येऊन बसले होते, अशा माणसाला व्हाउचर दाखवा म्हणायचं तरी कसं. मला याचं उत्तर नव्हतं. उत्तर त्यांनाच सापडलं, दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी पैसे गोळा केले ना, ते न्यायला त्याने तीताबरोबर अजून भाऊ पाठवले होते, आपल्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आहे. पौलाला चालतं तर आमच्या साहेबांना का नाही चालणार?" आणि कमिटीला चिठ्ठी लिहिली, चार ओळींची, मी फक्त 'संशय' हा शब्द काढून 'माहिती' घातला.

पहिल्या रविवारी खजिनदार आले नव्हते. दुसऱ्या रविवारी किल्ली नव्हती. तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, फाइल मिळाली, मावशी नातवाला घेऊन गेल्या होत्या.

संध्याकाळी मोबाइलवर मला फोटो दाखवले. तीन कोटेशनं होती, नियमाप्रमाणे, तीन वेगळ्या फर्मची, एक निळ्या लेटरहेडवर, एक हिरव्या, एक साध्या. तिन्हींत वॉटरप्रूफिंगचं 'वॉटरप्रूपिंग' झालेलं. तिन्हींत रकमेच्या पुढे तीच उलटी तिरकी रेघ. आणि दोन कोटेशनांवर तारीख चेकच्या नंतरची, म्हणजे पैसे दिल्यावर भाव मागवले. याने चोरी सिद्ध होत नाही हं, हे मी मावशींना पण सांगितलं. छोट्या संस्थांत काम आधी ओळखीच्याला देऊन टाकतात आणि फाइल भरायला उरलेली दोन कोटेशनं तोच कंत्राटदार आणून देतो, आळशीपणाही असू शकतो. पण मग त्या तीन लाख ऐंशीला बाहेरचा भाव कोणीच लावला नव्हता हे नक्की, आणि ठरावाच्या वहीत नात्याचा उल्लेख आहे का ते बघायला हवं. वहीचं पान होतं फोटोत. मी मोठं करून बघितलं, ठराव आहे, सह्या आहेत, पहिली सही पाळकसाहेबांचीच, नातं कुठे लिहिलेलं नाही.

"आणि बिल? कामाचं माप लिहिलेलं असेल त्यात, किती चौरस फूट." हॉल मी बघितलाय, गच्ची फार तर अठराशे फूट असेल, गुणाकार तर करायचाच होता.

मावशींनी फोटो पुढे सरकवला. एकूण एक्केचाळीस फोटो काढले होते, झेरॉक्सचं मशीन बंद आहे म्हणाले म्हणून. बिलाच्या फोटोत माप लिहायच्या रकान्यावर बरोबर नातवाचा अंगठा आलाय. चष्मा पुसून त्यांनी परत बघितलं, मग मोबाइल पदराला पुसून परत बघितलं.

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहेत, या वेळी मेजरिंग टेप माझ्याकडून घेऊन गेल्यात.